माप देणारं पाखरू

पुंजाराम टेलरला माणसाचं नाव आठवत नाही, माप आठवतं. शिरड शहापूरला स्टँडासमोर त्याचं दुकान आहे. रस्त्याने कोणी गेलं की मशीनवरची मान वर करून तो म्हणतो, "कंबर छत्तीसवर गेली. म्हागल्या दिवाळीला चौतीस व्हती." मग शेजारच्या पानवाल्याला विचारतो, "कोण व्हतं हो ते?" पानवाला सांगतो की ते आपले सरपंच होते. पुंजाराम म्हणतो, "आसंल. पर कंबर छत्तीस हाय."

माणसांची मापं घेणं हा त्याचा धंदाच आहे, त्यात नवल नाही. नवल असं की तो पाखरांची मापं घेतो. त्यातही सगळ्या पाखरांची नाही, फक्त पाणकावळ्यांची.

सकाळी सहाला तो गावाबाहेरच्या तळ्यावर जातो. सायकल बांधाच्या दगडाला टेकवतो. गळ्यातला टेप काढतो, दोन्ही हात ताठ करून समोर धरतो, डावा डोळा मिटतो आणि पाण्याकडे बघत उभा राहतो. नवख्या माणसाला वाटावं, हा तळ्याला सदरा शिवतोय.

मी पहिल्यांदा त्याला तिथे बघितलं तेव्हा विचारलंच, "पुंजाराम, हे काय चाललंय?"

"माप घेऊन राहिलो, गुरुजी."

"कुणाचं?"

त्याने हनुवटीनेच दाखवलं. तळ्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे. तिच्या आडव्या फांदीवर एक काळा पाणकावळा दोन्ही पंख पसरून बसला होता.

"बघा," तो म्हणाला. "बगळ्याचं माप घ्यावं तर तो मान दुमडून बसतो. खंड्या एका जागी ठरत न्हाई. टिटवी तर लांबूनच शिव्या देते. हा बघा, पाण्यातून निघाला की हात पसरून उभा. हालत न्हाई, बोलत न्हाई. माप देणारं पाखरू हे एकच."

मी मुख्याध्यापक होतो. चुकीचं ऐकून गप्प बसायची सवय नाही. मी सांगितलं की पाणकावळा बुडी मारून मासे धरतो, त्यात त्याचे पंख भिजतात, म्हणून तो ते उन्हात वाळवतो.

पुंजारामने टेप गुंडाळत सगळं ऐकून घेतलं. "बराबर," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बी आधी म्हणतं, सहज आलतो."

पुंजारामबद्दल हसत हसत लिहावं असं पुष्कळ आहे आणि तो माझ्यावर रागावणारही नाही. पण मी लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. आमच्या तळ्याच्या पक्ष्यांच्या यादीत एक नोंद माझ्या नावावर आहे, ती त्याची आहे. आज माझं वय अठ्ठ्याहत्तर. आता ती दुरुस्त केली नाही तर राहून जाईल.

निवृत्तीनंतर मुलाने मला दुर्बीण पाठवली आणि पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक. मी तळ्यावर जाऊ लागलो ते दुर्बिणीपायी. पुंजाराम माझ्याही आधीपासून जात होता. चार हिवाळे आम्ही रोज बरोबर होतो. मी पुस्तकातून वाचून सांगायचो, तो ते आपल्या भाषेत करून घ्यायचा आणि त्याचंच माझ्या जास्त लक्षात राहायचं.

आमच्या तळ्यावर दोन जातींचे पाणकावळे नेहमीचे. एक छोटा. मान आखूड, डोकं गोल, चोच आखूड आणि जाडसर, शेपूट मात्र लांब. पुंजाराम म्हणायचा, "बारक्या लेकराला बापाची प्यांट." दुसरा भारतीय पाणकावळा. अंगाने थोडा मोठा, मान लांब, चोच बारीक आणि टोकाला वळलेली, डोळा हिरवट निळा. हा त्याचा "जावई". का, तर "अंग सडपातळ, मान ताठ, अन् बसतो कसा, जसं काही सगळ्यांनी उठून पाणी द्यावं." कधी कधी एक तिरंदाजही यायचा. तो पोहताना सगळं अंग पाण्याखाली ठेवतो, वर नुसती सापासारखी मान दिसते. त्याला बघून पुंजाराम हताश व्हायचा. "ह्याचं काय शिवावं? नुसती कॉलर!"

तळ्यात मासे सोडणारे गफूरचाचा आम्हा दोघांनाही कामातून गेलेले समजत. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकता टाकता ते ओरडायचे, "अरे टेलर, गले का नाप क्या लेरा? पेट का ले! मेरी आधी मच्छी उसके पेट में है!"

"घेतलं चाचा! पेट बत्तीस!"

"कौवे का?"

"न्हाई, तुमचं!"

पुंजारामचं एक पेटंट वाक्य होतं. कशावरही वाद झाला की तो म्हणायचा, "डोळा खोटं बोलतो, टेपाला विचारा." भाव वाढला, पाऊस कमी झाला, अमक्याची सून चांगली की वाईट, सगळ्याला टेपाला विचारा. त्याची बायको एकदा मला म्हणाली, "गुरुजी, आमच्या लग्नात ह्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. ब्लाउजचा खांदा उतरलाय, तेवढंच बघून राहिले व्हते."

आता चिंध्यांची गोष्ट सांगायला पाहिजे.

एका डिसेंबरात मी तळ्यावर गेलो तर त्या वाळक्या बाभळीच्या बुंध्याला चिंध्या बांधलेल्या. लाल, पांढरी, लाल, पांढरी, अशा पाण्यापासून वरपर्यंत. पुंजाराम तेव्हा भाचीच्या लग्नाला हट्टा गावी गेला होता. मला वाटलं, झालं! कुणीतरी नवस बोललं. आज चिंध्या आल्या, उद्या शेंदूर येईल, परवा नारळ फुटतील, आणि पाणकावळे जातील उडून. मी जन्मभर मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावलेला माणूस. माझं रक्त उसळलं.

मी गफूरचाचांना म्हणालो, "तेवढ्या चिंध्या कापून टाका."

"ना गुरुजी. किसी की मन्नत होगी. मैं हात नहीं लगाता."

मी काठावर उभा राहून त्यांना अर्धा तास विज्ञान सांगितलं. चाचांनी ते जाळ्याकडे बघत ऐकलं आणि शेवटी मी थांबावं म्हणून चिंध्या कापल्या.

चौथ्या दिवशी पुंजाराम परत आला. बाभळीकडे बघून जागच्या जागी उभा राहिला.

"चिंध्या कुठं गेल्या?"

"मी काढायला लावल्या," मी अभिमानाने सांगितलं. "कुणीतरी नवस केला होता."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "गुरुजी, आमी बौद्ध माणसं. आमच्या घरात कुणाचा नवस?"

मग कळलं ते असं. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा तो गुडघाभर गाळातून त्या झाडापर्यंत गेला होता. टेपाने मोजून दर सहा इंचांवर त्याने एक खूण केली होती, आणि लग्नाला जायच्या आदल्या दिवशी चाचांच्या तराफ्यावर बसून त्या खुणांवर चिंध्या बांधल्या होत्या. आडव्या फांदीवर पाखरू बसलं की मागच्या चिंध्या मोजायच्या. छोटा किती, जावई किती, एका नजरेत कळणार. चाचांना त्याने 'पाखरांसाठी' एवढंच सांगितलं होतं, आणि पाखरांसाठीही मन्नत असते आणि ती कुणाची ते सांगायचं नसतं, अशी चाचांची समजूत झाली होती.

इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती मला चाळीस वर्षांच्या नोकरीत सुचली नसती. मी काय म्हणालो? म्हणालो, "मग मला आधी सांगायचं ना."

पुंजाराम म्हणाला, "बराबर हाय. माझं चुकलं."

चिंध्यांबरोबर सालीवरच्या खुणाही सोलून गेल्या होत्या, पाणी भरलेलं होतं आणि डुलत्या तराफ्यावरून माप चोख येत नाही. आता पुढच्या उन्हाळ्याशिवाय झाडापर्यंत टेप पोचणार नव्हता.

त्यानंतर महिनाभराने तो सकाळी माझ्या दारात आला. सायकल त्याने अंगणातच टाकून दिली होती, तिचं चाक अजून फिरत होतं.

"गुरुजी, चला. आज एक आलाय. ट्रिपल एक्सेल!"

"काय आलंय?"

"पाणकावळाच हाय, पर जावयाचा बी बाप. मान जाडजूड. चोच दणकट. तोंडाजवळ पिवळं, अन् त्याच्या खाली पांढरा गळपट्टा. छोटा त्याच्या शेजारी बसला तर खिशावानी दिसून राहिला."

हे वर्णन मोठ्या पाणकावळ्याचं होतं. तो मोठ्या धरणांवर दिसतो असं मी ऐकून होतो, पण आमच्या तळ्यावर कोणी कधी पाहिला नव्हता. माझ्या यादीत तो नव्हता. खरं सांगायचं तर मला आधी हेच टोचलं की तो मला दिसायच्या आधी त्याला दिसला.

"थंडीत छोट्याच्याही गळ्याला पांढरं येतं," मी म्हणालो.

"ते ठिगळ असतं गुरुजी. हा मफलर हाय."

"लांबी किती होती?"

"बराबर त्या फांदीवर बसला व्हता. चिंध्या असत्या तर सांगितली असती."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्याबरोबर गेलो नाही.

त्या रविवारी पक्ष्यांच्या हिवाळी मोजणीची बैठक होती. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही आठ-दहा जण, बहुतेक मास्तर मंडळी. पुंजारामने आपली नोंद सांगितली. मी सगळ्यांसमोर लाल पेनाने ती खोडली. एकट्याने पाहिलेलं आपण धरत नाही, दुसरा साक्षीदार पाहिजे, नाहीतर फोटो, असं म्हणालो. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मास्तर मंडळी समोर असली की जिभेला पाय फुटतात. मी म्हणालो, "टेलर, पाखरं शर्टाच्या साइजवर ओळखत नसतात."

सगळे हसले. पुंजारामही हसला. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "एकदा येऊन तर बघा. तो रोज येऊन राहिला."

मी दहा दिवस गेलो नाही. सर्दीचं निमित्त सांगितलं. अकराव्या दिवशी गेलो, त्याला न सांगता, नेहमीच्या वाटेने नव्हे तर पलीकडच्या बांधावरून. आणि तो फांदीवर बसलेला होता. पंख पसरून, पांढरा गळा उन्हाकडे करून. शेजारी एक छोटा होता. खरंच खिशासारखा दिसत होता.

मी फोटो काढला. यादी करणाऱ्यांना पाठवला. निरीक्षकाचं नाव लिहायच्या ओळीत माझं नाव लिहिलं. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की फोटो माझा आहे, तर नाव माझंच येणार. आठवड्याने पेपरात बातमी आली, "निवृत्त मुख्याध्यापकांना आढळला मोठा पाणकावळा." शाळेत माझा सत्कार झाला. पुंजाराम शेवटच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. बोलायला उभा राहिलो तेव्हा त्याचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण फोटो काढणारा म्हणाला, "सर, जरा इकडे बघा," आणि मी तिकडे बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर तो भेटायला आला. शालीचा काठ बोटांत धरून म्हणाला, "गुरुजी, रुंदी कमी हाय. तुमच्या अंगाला पुरत न्हाई." आणि गेला.

त्यानंतर मी तळ्यावर गेलो नाही. लोकांना गुडघ्याचं कारण सांगायचो. गुडघे दुखत होते हे खरं, पण ते तळ्याच्याच दिशेला जास्त दुखायचे. पॅन्ट्स लागल्या तर वारंगा फाट्याला जाऊन रेडिमेड आणायचो. त्या मला दोन इंच लांब व्हायच्या. मी त्या खालून दुमडून घालायचो, आणि स्टँडाकडे जायचं असलं की मागच्या गल्लीने जायचो. असे सहा हिवाळे गेले.

मागच्या महिन्यात तालुक्याच्या पक्ष्यांची नवी यादी करणारी मंडळी आली. माझ्या जुन्या नोंदी समोर ठेवून म्हणाली, एकदा बघून सही करा. मी त्या ओळीपर्यंत आलो आणि सही केली नाही. एका कोऱ्या कागदावर लिहिलं: आमच्या तळ्यावर मोठा पाणकावळा प्रथम पाहिला तो पुंजाराम खिल्लारे, शिंपी, यांनी. मी पाहिला त्याच्या जवळजवळ दोन आठवडे आधी. त्यांची नोंद मी खोडली होती. ती बरोबर होती.

त्याची प्रत त्या मंडळींना दिली आणि तो कागद घेऊन मी दुकानात गेलो. दुपारची वेळ. आत कोणी नव्हतं. पुंजाराम चष्म्यातून सुईत दोरा ओवत होता. केस पांढरे झालेत. त्याने वर बघितलं. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे.

"दोन इंच लांब हाय," तो म्हणाला. "कोणी शिवली?"

"रेडिमेड आहे."

"हं," तो म्हणाला. एवढंच.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या दिवशी चोरून गेलो ते, नाव लिहिलं ते, सत्कारात गप्प बसलो ते. बोलताना माझा आवाज शाळा तपासणीला साहेब आल्यावर व्हायचा तसा झाला होता. त्याने सुईत दोरा ओवून गाठ मारली. सगळं झाल्यावर म्हणाला, "मला ठाऊक हाय. मी तिथंच व्हतो."

"कुठे?"

"बेशरमाच्या झुडपात. तुमच्याहून ईस पावलांवर. रोजच बसून राहायचो, तुमी याल म्हणून. त्या दिवशी तुमी आले, अन् नेमका मला खोकला. तोंडात गमजा कोंबून बसलो. म्हणलं, खोकलो तर पाखरू उडंल, अन् गुरुजी पुन्हा म्हणतील, दिसलं न्हाई."

मी हातातल्या कागदाची घडी उलगडायला लागलो.

"तुमी फोटो काढला, तवा मला लई बरं वाटलं," तो म्हणाला. "म्हणलं, दोघांनी पाहिलं. आता आपली नोंद पक्की. घरी जाताना चाचाला भजे खाऊ घातले."

"आणि मग पेपर आला."

"मंग पेपर आला."

मी कागद पुढे केला. "हा वाच. पुढच्या यादीत तुझं नाव येणार." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

त्याने कागद घेतला, वाचला नाही. उडू नये म्हणून त्यावर इस्त्री ठेवली.

"नावाचं बघा तुमी. ते काय, लिहिलं तर लिहिलं. पर मला एक सांगा, गुरुजी. तुमी यायचं काहून बंद केलं?"

"लाज वाटत होती."

"नोंद गेली त्याचं मला दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो, तुमी न्हाई. चौथ्या दिवशी न्हाई. आता ह्या पाखराचं कुणाला सांगावं? चाचाला? तो म्हणतो, कापून टाक. बायको म्हणते, जेवा आधी." त्याने मशीनचा खण उघडला आणि एक शंभर पानी वही काढली. "तुमी व्हते तवर लिहायची गरज न्हवती. बोलून टाकायचो. मंग लिहायला लागलो."

मी वही उघडली. त्याचं अक्षर टाक्यांसारखं, सारख्या अंतरावर. प्रत्येक पानावर तीन-चार ओळी आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी तेच तीन शब्द.

"जावयाचा डोळा उन्हात हिरवा, सावलीत निळा. खरा कोणता? गुरुजींना विचारायचं हाय."

"एवढं पाण्यात राहतो तरी पंख भिजतात, बदकाचे न्हाई भिजत. काहून? गुरुजींना विचारायचं हाय."

"पिलाची छाती मळकट पांढरी दिसली. धुतल्यावर जाते का? गुरुजींना विचारायचं हाय."

सहा हिवाळे भरले होते. शेवटची नोंद त्याच आठवड्यातली होती.

मी स्टुलावर बसलो. चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून उत्तरं सांगायला लागलो. पाणकावळ्याच्या पंखांत पाणी शिरतं म्हणून त्याला खोल बुडी मारणं सोपं जातं. बदकाला वर तरंगायचं असतं, म्हणून त्याचे पंख कोरडे. पुंजाराम हातातलं काम ठेवून ऐकत होता आणि दर उत्तराला "बराबर" म्हणत होता. पिलाच्या छातीचं सांगितलं तेव्हा म्हणाला, "म्हंजे धुऊन जात न्हाई, वयानं जाते." दोन उत्तरं मला आली नाहीत. तसं मी सांगितलं. तेही त्याने बराबर म्हणूनच घेतलं.

वहीच्या मध्यावर एक नोंद होती. "बाभळीवर दोन छोटे रोज जोडीनं बसायचे. आता एकटाच येतो. तरी शेजारची जागा सोडून बसतो. गुरुजींना विचारायचं हाय."

मी ती दोनदा वाचली. उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"त्याचं राहू द्या," पुंजाराम म्हणाला, आणि हात पुढे करून पान त्यानेच उलटलं.